भरतीच्या रेषेशी थांबणारी सेवा: मुंबईतील तेलगळतीच्या सरकारी प्रतिसादाचे परीक्षण

शिवडीपासून माहुल-ट्रॉम्ब्यापर्यंतच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला सरकारच्या एका सेवेशी आयुष्यात एकदा तरी काम पडतेच, आणि तरीही त्या सेवेबद्दल वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते. समुद्रात किंवा खाडीत तेल सांडले, रसायनाचे पिंप फुटले, भरलेला टँकर रस्त्यात आडवा झाला, तर धावून येण्याची जबाबदारी ज्या सरकारी यंत्रणांवर आहे, त्यांच्या कामाविषयी मी लिहीत आहे. या सेवेचे पैसे आपण करातून आधीच भरलेले असतात, ती कधी लागेल हे आपल्या हातात नसते, आणि ती नीट मिळाली नाही तर दुसरीकडे जाण्याची सोयही नसते. गेली वीस-बावीस वर्षे मी या किनाऱ्यावर राहते, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बायकांबरोबर बचत गटाचे काम करते, आणि या काळात ही सेवा मी लांबूनही पाहिली आहे आणि अगदी जवळूनही. माझे मत आधीच सांगते: तेल पाण्यावर तरंगत असेपर्यंत ही सेवा चांगली, काही बाबतींत तर वाखाणण्याजोगी आहे, तेच तेल चिखलाला लागले की त्याला कोणी वाली उरत नाही.

कोणाकडून कशाची अपेक्षा करायची हे कळण्यासाठी कामाची वाटणी समजून घ्यावी लागते, कारण ही सेवा एका कार्यालयाची नाही. समुद्रातील तेलगळतीसाठी देशाची मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे भारतीय तटरक्षक दल. १९८६ साली ही जबाबदारी नौवहन महासंचालनालयाकडून त्यांच्याकडे आली आणि १९९६ साली राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना लागू झाली. या योजनेप्रमाणे बंदराच्या हद्दीतले तेल बंदर प्रशासनाने आवरायचे, समुद्रातल्या तेलफलाटाभोवती ५०० मीटरपर्यंतचे तेल त्या कंपनीने, त्यापलीकडचे तटरक्षक दलाने, आणि किनाऱ्याला लागलेले तेल राज्य सरकारने, म्हणजे व्यवहारात जिल्हा प्रशासन, महापालिका आणि १९७० साली स्थापन झालेले, शीवला मुख्य कार्यालय असलेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून. गळतीचे तीन स्तरही ठरलेले आहेत: ७०० टनांपर्यंतची पहिल्या स्तराची, १०,००० टनांपर्यंतची दुसऱ्या आणि त्यावरची तिसऱ्या. कागदावर ही वाटणी सरळ दिसते. प्रत्यक्षात मुंबईच्या खाडीत तेल दर सहा तासांनी हद्द बदलते. ओहोटीला ते बंदराच्या पाण्यात असते आणि भरतीला तिवरांत शिरते. सकाळी ज्या कार्यालयाचे ते काम असते त्याचे ते दुपारी राहत नाही, आणि फोन करणाऱ्याला मात्र एकच तेल दिसत असते.

या सेवेची सर्वांत मोठी परीक्षा ७ ऑगस्ट २०१० रोजी झाली. त्या शनिवारी सकाळी न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे 'एमएससी चित्रा' हे कंटेनरवाहू जहाज आणि आत येणारे 'खलिजिया-३' यांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. चित्रावर सुमारे १,२०० कंटेनर आणि अडीच हजार टनांहून अधिक इंधन होते. जहाज कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, आणि गळती थांबेपर्यंत अंदाजे ८०० टन तेल समुद्रात गेले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती, म्हणजे हा एकाच वेळी तेलगळतीचा आणि घातक रसायनांचा प्रसंग होता. तटरक्षक दलाची जहाजे आणि हेलिकॉप्टरे ऐन पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात कामाला लागली, तेलावर डिस्पर्संटची, म्हणजे तेल फोडून पाण्यात मिसळणाऱ्या रसायनाची, फवारणी सुरू झाली, आणि तरंगणाऱ्या कंटेनरांवर दुसरे जहाज आदळू नये म्हणून मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची जहाजवाहतूक काही दिवस बंद ठेवण्यात आली. देशाचा एवढा मोठा व्यापार थांबवण्याचा निर्णय घेणे सोपे नसते. तो घेतला गेला याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देते. शिवाय हे सारे खास प्रदूषण-नियंत्रण जहाज हाताशी नसताना झाले, कारण तसे पहिले जहाज, 'समुद्र प्रहरी', मुंबईत सेवेत दाखल झाले ते त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये. समुद्रावरच्या कामाला मी पाचपैकी चार गुण देईन.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी होती. तेल उरण, घारापुरी, अलिबाग, नवी मुंबईच्या बाजूच्या तिवरांपर्यंत पोचले. पावसाळी मासेमारीबंदी संपण्याचे ते दिवस; होड्या डागडुजी करून, जाळी विणून, बर्फाची सोय करून कोळीवाडे दर्यावर जायला तयार होते आणि नारळी पौर्णिमा अवघ्या सतरा दिवसांवर होती. नेमक्या त्याच वेळी मुंबईकरांनी मासे खाणे सोडले. बाजारात बसलेल्या बायका येणाऱ्या प्रत्येकाला माशाचे कल्ले उघडून दाखवत होत्या, तेलाचा वास नाही हे पटवत होत्या, आणि गिऱ्हाईक तरीही पुढे जात होते. मासे खाण्याजोगे आहेत की नाहीत, कोणत्या भागातले आहेत आणि कोणत्या नाहीत, हे ठामपणे, एका तोंडाने आणि मराठीत सांगणारे कोणीतरी त्या पंधरा दिवसांत प्रत्येक मासळीबाजाराच्या दारात असायला हवे होते. तेल काढणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच हे सांगणेही सेवेचा भाग आहे, आणि तो भाग आमच्या बाजारापर्यंत पोचला नाही. तिवरे आणि वाळू स्वच्छ करण्यासाठी पुढे तेल खाणाऱ्या जिवाणूंचाही वापर झाला. तो चांगला होता, पण जिवाणूंचे काम आठवड्या-महिन्यांचे असते आणि ज्यांचे पोट रोजच्या पाटीवर आहे त्यांना तेवढी वाट पाहता येत नाही.

आता साधनांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सेवेकडून काय मागायचे हे साधन कळल्याशिवाय कळत नाही. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांब भिंत. तिचा पडदा पाण्याखाली थोडा लोंबतो आणि तेल पसरू देत नाही. ही भिंत प्रवाहाला आडवी लावली तर प्रवाहाचा वेग साधारण पाऊण नॉटच्या वर गेला की तेल तिच्या खालून निसटू लागते. मुंबई बंदरात उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरपर्यंत चढते आणि ते चढणारे-उतरणारे पाणी अरुंद खाडीतून पाऊण नॉटपेक्षा कितीतरी जोरात धावते. त्यामुळे इथे बूम तिरपी लावून तेल कडेच्या संथ पाण्यात वळवावे लागते आणि तिथे स्किमरने, म्हणजे पाण्यावरचे तेल ओढून घेणाऱ्या यंत्राने, उचलावे लागते. हे करणाऱ्याला त्या खाडीचे वळण, तिची खोली आणि भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे, दिवस माहीत असावे लागतात. ज्याला हे जन्मापासून माहीत आहे तो कोळी त्या वेळी बहुधा काठावर उभा राहून बघत असतो. स्थानिक मच्छीमार संस्थांना आधीपासून प्रशिक्षण देऊन, मोबदला ठरवून, बूम ओढण्याच्या कामात घ्यावे ही मागणी मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते.

डिस्पर्संटबद्दल लोकांत एक गैरसमज आहे की औषध फवारले म्हणजे तेल नाहीसे होते. ते नाहीसे होत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्याच्या अंगात मिसळते, आणि खोल, खुल्या समुद्रात हे थेंब विरळ होऊन हळूहळू जिवाणूंच्या पोटात जातात. उथळ खाडीत, तिवरांजवळ किंवा कालवे (शिंपले) चिकटलेल्या खडकांवर तीच फवारणी केली तर जे तेल वर तरंगत होते ते तळातल्या जिवांपर्यंत पोचते. म्हणून किनाऱ्याजवळ त्याचा वापर टाळायचा असतो. उशीर झाला तरी ते निरुपयोगी, कारण एक-दोन दिवसांत तेल घट्ट होते, पाणी शोषून त्याचा मऊ, तपकिरी लगदा बनतो आणि त्यावर फवारा चालत नाही. चिखलात तर सर्वांत मोठे नुकसान आपल्याच पायांनी होते. घाईघाईने उतरलेली माणसे तेल खाली दाबतात आणि वर्षभराने खेकड्याचे बीळ उकरले की ते पुन्हा वर येते. तिवरांची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि झाड त्यांतून हवा घेते. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड लगेच मरत नाही. पाने पिवळी पडायला महिने लागतात आणि तोपर्यंत फाइल बंद झालेली असते.

माझा स्वतःचा अनुभव काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला आहे. ती मोठी बातमी झाली नाही आणि ती गळती दुसऱ्या स्तराच्या जवळपासही नव्हती; म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे, कारण आमच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक गळत्या अशाच असतात. पहाटेच शेजारच्या काकी दारात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, खाडीला काळं आलंय, चला बघायला." आम्ही जेट्टीवर गेलो तेव्हा भरती ओसरत होती. जेट्टीच्या खांबांवर मनगटाएवढा रुंद काळा पट्टा उमटला होता, प्रत्येक श्वासमुळाच्या टोकाखाली तसाच एक काळा कडा होता, आणि निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, त्या चिखलावरून उड्या न मारता सरपटत होत्या. वास डिझेलचा नव्हता, जाड भट्टीच्या तेलाचा होता. ज्याने तो एकदा घेतला तो विसरत नाही. काकींचे डोल जाळे रात्रभर पाण्यात होते. ते वर ओढले तेव्हा त्याचा शेपटाकडचा भाग बोटांना चिकटत होता.

सव्वासातला मी पहिला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि खाडी त्यांच्याकडे येत नाही असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी विचारले गेले की जागा बंदराच्या हद्दीत आहे की बाहेर, आणि ते मला सांगता येईना. तिसऱ्या ठिकाणी लेखी अर्ज मागितला. चौथ्या कार्यालयाने दुपारी बाराच्या सुमारास तक्रार नोंदवून घेतली, नाव, ठिकाण, वेळ सारे विचारले. या चारांपैकी एकानेही उद्धटपणा केला नाही, आणि प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे बरोबरच उत्तर दिले असेल. पण तोवर भरती परतून आली होती आणि पहाटे जेट्टीपाशी असलेले तेल पुलाखालून आत, जिथे पोरे खेकडे धरतात त्या कोंडीत शिरले होते. कोळीवाड्यातल्या माणसांनी वाट पाहिली नाही. भाताचा पेंढा, गोणपाट आणि फाटकी जाळी घेऊन ती पाण्यात उतरली, तेल टिपून काढले आणि जुन्या पिंपांत भरले. संध्याकाळपर्यंत सात पिंपे भरली. कोणाकडेही हातमोजे नव्हते. रात्री खोबरेल तेलाने हात चोळून ते डाग काढावे लागले, आणि दोघांच्या हातांवर पुरळ उठले.

क्षेत्र अधिकारी तिसऱ्या दिवशी आले. त्यांच्याविषयी मी आदरानेच लिहीन, कारण त्या माणसाला आपले काम येत होते. त्यांनी नमुन्यासाठी प्लॅस्टिकची नव्हे तर काचेची बाटली काढली, कारण तेल प्लॅस्टिकला चिकटते आणि मोजमाप चुकते. मी बाटली खाडीच्या पाण्याने विसळून देऊ लागले तेव्हा त्यांनी थांबवले; विसळली तर आतल्या काचेला तेलाचा थर बसतो आणि नमुन्यात नसलेले तेल मोजले जाते. बाटली त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरपी धरून भरली, आम्लाचे थेंब घातले, बूच लावून कापड बांधले, मेणबत्तीवर लाख वितळवून सील केले, आणि माझी व काकींची सही घेतली. काकींनी सही जपून, एकेक अक्षर काढत केली. हे सारे पाहताना मला खरोखर विश्वास वाटला.

पण नमुना एकच घेतला गेला, खाडीतला. तेल कोणाचे हे शोधायचे असेल तर नुसते खाडीतले तेल पुरत नाही. आसपास नांगरलेल्या जहाजांच्या, टाक्यांच्या, नळांच्या तेलाचे नमुने घेऊन त्यांच्याशी ते जुळवून पाहावे लागते. हवेत उडून जाणारे घटक तीन दिवसांत गेले असले तरी तेलातले काही रेणू फार चिवट असतात आणि बोटांच्या ठशांसारखे ओळख पटवतात. पश्चिम किनाऱ्यावर दर पावसाळ्यात वाहून येणाऱ्या डांबरगोळ्यांचा उगम शोधण्यासाठी शास्त्रज्ञ हीच रीत वापरतात. म्हणजे ज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत. पण छोट्या गळतीसाठी जुळवायला दुसरा नमुना घ्यायचा ही सवय नाही. जल कायद्यात सांडपाण्याचा नमुना कारखानदारासमोर दोन भागांत विभागून, सही-शिक्क्यानिशी घेण्याची काटेकोर पद्धत आहे. ती पद्धत मालक समोर असेल तेव्हाची आहे. मालक शोधणे हेच काम असते तेव्हा तिचा उपयोग होत नाही.

आणि ती सात पिंपे? तेलाने माखलेला पेंढा कायद्याने घातक कचरा ठरतो. तो परवानाधारक वाहनातूनच न्यावा लागतो आणि तळोज्यासारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्रातच द्यावा लागतो. साध्या टेम्पोत घालून नेला तर नेणाराच गुन्हेगार. नियम योग्यच आहे. मात्र वाहन पाठवायचे कोणी आणि पैसे भरायचे कोणी, याचे उत्तर कोणत्याही कार्यालयाने दिले नाही. आम्ही पिंपांवर पत्रे झाकले, दगड ठेवले आणि अर्ज करत राहिलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठा पाऊस झाला, वाऱ्याने पत्रे उडाले, पिंपे काठोकाठ भरली, आणि तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे सर्वांत आधी तेच बाहेर वाहून खाडीत परत गेले. किनाऱ्यावरच्या कामाला मी पाचपैकी एक गुण देते, आणि तो एक गुण त्या काचेच्या बाटलीचा आहे.

रसायनांच्या अपघातांत चित्र बरेच बरे आहे, कारण तिथे पहिली धाव अग्निशमन दलाची असते आणि त्या दलाला हद्दीचा वाद माहीत नाही. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाच्या स्फोटात बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. धोकादायक माल गोदीत आला म्हणजे काय होऊ शकते हे या शहराइतके कोणाला शिकावे लागले नसेल. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी ते संकट आवरले. चूक झाली होती ती त्याआधी, बेवारस सिलिंडर तसेच पडू देण्यात. ऑक्टोबर २०१७ मध्ये बुचर बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली. ती काही दिवस जळत राहिली, पण शेजारच्या टाक्या वाचवल्या गेल्या.

रस्त्यावरच्या सेवेबद्दल एकच आग्रहाची सूचना आहे. टँकरमधून सांडलेले तेल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढू नये, त्यावर माती किंवा वाळू टाकून ते उचलावे, कारण मुंबईची पर्जन्यजलवाहिनी कोणत्याही प्रक्रियेविना थेट खाडीत किंवा समुद्रात जाते. बहुतेक वेळा माती टाकली जाते हेही खरे; ती उचलायला मात्र फारसे कोणी येत नाही, आणि पहिल्या सरीत ती गटारात जाते. आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. धोकादायक माल नेणाऱ्या प्रत्येक टँकरवर दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक असतो व त्यावर चार आकडी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. टँकर उलटलेला दिसला तर जवळ न जाता, वारा जिकडून येतो त्या बाजूला राहून तो क्रमांक फोनवर सांगा; येणारी तुकडी कोणता पोशाख घालून येईल हे त्यावर ठरते.

तुलनेसाठी अमेरिकेची व्यवस्था पाहण्याजोगी आहे, ती निर्दोष आहे म्हणून नव्हे. २०१० साली मेक्सिकोच्या आखातातली फुटलेली तेलविहीर तिथे ८७ दिवस वाहत होती. पण तिथे कळवण्यासाठी देशभर एकच केंद्र आहे आणि ते चोवीस तास चालते. जमिनीवरची आणि आतल्या पाण्यातली गळती पर्यावरण संरक्षण संस्थेची, किनारी पाण्यातली त्यांच्या तटरक्षक दलाची, ही वाटणी तिथेही आहे. फरक एवढाच की ती वाटणी फोन उचलणारा करतो, फोन करणारा नाही. जागेवरच्या कामाचा प्रमुख म्हणून एकच अधिकारी नेमला जातो. १९८९ च्या एक्झॉन व्हाल्डीझ जहाजाच्या अपघातानंतर १९९० साली झालेल्या कायद्यामुळे तेलावरच्या करातून भरलेला निधी वापरून सफाई लगेच सुरू करता येते आणि खर्च नंतर दोषीकडून वसूल होतो. मला सर्वांत आवडलेला नियम अगदी साधा आहे: पाण्यावर तवंग दिसला की कळवणे बंधनकारक, मग तेल किती सांडले याचा हिशेब नंतर. इंद्रधनुषी रंगाचा तवंग मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि एक लिटर तेल तीन हजार चौरस मीटर पाण्यावर तसा रंग पसरवू शकते. म्हणजे हा नियम एका लिटरलाही पकडतो. आपली योजना सातशे टनांपासून वर मोजायला शिकवते. त्याच्या खालच्या पहिल्या स्तरात आमची खाडी वर्षानुवर्षे एकटी आहे.

आपल्याकडेही शिकण्यासारखे उदाहरण आहे. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा-३' हे जहाज ६४० कंटेनरांसह कोचीजवळ बुडाले. त्यांतल्या १३ कंटेनरांत घातक माल होता आणि काहींत पाण्याशी संयोग होताच ज्वलनशील वायू सोडणारे कॅल्शियम कार्बाइड. किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरला हात लावू नका, दूर राहा आणि लगेच कळवा, ही सूचना केरळ सरकारने तत्काळ गावोगावी पोचवली आणि पुढे ही घटना राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. आपत्ती जाहीर झाली की मदतीच्या निधीचा दरवाजा उघडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला धरून विचार केला की काय करता येते, ते यात दिसते.

भरपाईचा विषय थोडक्यात आटोपते, कारण त्यात सेवेपेक्षा न्यायालयांचाच भाग मोठा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये 'राक कॅरिअर' हे जहाज ६०,००० टन कोळसा आणि इंधन तेलासह मुंबईपासून काही सागरी मैलांवर बुडाले. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालकांना १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालक कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला तो ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. मच्छीमाराला स्वतःचे नुकसान मागायचे असेल तर नेहमीची मिळकत किती होती याचा कागद लागतो. तो बहुतेकांकडे नसतो. आमच्या बचत गटाच्या वह्यांत मात्र कोणी कोणत्या आठवड्यात किती भरले हे लिहिलेले आहे, आणि त्यावरून मिळकतीचा अंदाज दाखवता येतो. काठावरच्या प्रत्येक गटाने अशी वही ठेवावी.

ही सेवा वापरायची वेळ आलीच तर काही गोष्टी आम्ही अनुभवाने शिकलो. फोन करताना हद्दीच्या प्रश्नात अडकू नये. जवळची ठळक खूण, भरती आहे की ओहोटी, तवंगाचा रंग, वास आणि वेळ सांगावी, आणि बोलणाऱ्याचे पद व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे जेट्टीच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत. आम्ही ठेवले आहेत. खांबावरच्या काळ्या पट्ट्याचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढावा. आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत पहिल्याच तासाला थोडे तेल भरून, झाकण लावून, सावलीत ठेवावे. आपण घेतलेल्या नमुन्याला कायद्यात पुराव्याचे स्थान मिळेलच असे नाही. पण तिसऱ्या दिवशी येणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवशीचे तेल कसे होते ते पाहता येते.

आमच्या नमुन्याचा अहवाल कोणी आपणहून पाठवला नाही. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि मुदतीच्या आत, तीस दिवस पुरे होण्यापूर्वीच, एक पानाची प्रत आली. तेल आणि ग्रीसचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे त्यात स्वच्छ लिहिले होते. 'उगम' या रकान्यात 'निश्चित करता आला नाही' असे होते, आणि 'केलेली कार्यवाही' हा रकाना कोरा होता. मी ते पान काकींना वाचून दाखवले. त्यांनी त्यावरची आपली सही कुठे आहे ते विचारले; ती सही बाटलीवर होती, पानावर नव्हती, असे मी सांगितले. तरीही त्यांनी पानाची घडी घातली आणि होडीचा परवाना ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, त्याच पिशवीत ते नीट ठेवले.